बिडाच्या भांड्यांचा नाद

बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जुनं भांडं घेताना आधी ते वाजवून बघायचं. भांड्याच्या कानाला, म्हणजे मुठीला, धरून लोंबतं ठेवायचं आणि लाकडी चमच्याने कडेला टिचकी मारायची. धड भांडं खणखणीत वाजतं, आवाज थोडा वेळ रेंगाळतो. तडा गेलेलं 'बद्द' करून गप्प होतं. तडा डोळ्याला दिसेलच असं नाही, कीटणाच्या थराखाली तो सहज लपतो. हे मला शिकवलं आमच्या गल्लीतल्या मामांनी. मामांची उभी हयात शिरोलीच्या एमआयडीसीत मोल्डिंग खात्यात गेली. माझ्या हातात पहिल्यांदा गंजका तवा बघितला तेव्हा ते म्हणाले, "ताई, डोळ्यानं काय बघताय? वाजवा की. बीड खोटं बोलत न्हाई."

कोल्हापुरात राहून बिडाचा नाद लागला यात नवल काही नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, जिकडे जाल तिकडे फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, काम केलेला माणूस भेटतो. पंपाचे, ट्रॅक्टरचे, इंजिनाचे भाग इथे वाळूच्या साच्यांत ओतले जातात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तो १९०३ साली, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तीही इथून फार लांब नाही. तेव्हा ओतीव लोखंडाची या भागाला चांगली शंभर वर्षांची ओळख आहे. गंमत अशी की स्वयंपाकघरातल्या बिडाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. तवा, कढई, आप्पेपात्र, कोकणातलं घावनांचं भिडं, सगळं निनावी. अमेरिकेत या छंदाचा मोठा बाजार आहे. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावचा ग्रिसवोल्डचा कारखाना १९५७ मध्ये बंद पडला, पण तळाला त्याचा शिक्का असलेल्या पॅनसाठी लोक अजून हवी ती किंमत मोजतात. आपल्याकडे पितळेच्या डब्यावरसुद्धा लग्नातल्या आहेराचं नाव, तारीख, गाव सगळं कोरलेलं असतं. बिडावर नाव घालायला छिन्नी चालवली तर ते फुटेल. म्हणून कुणाचं, कुठलं, किती जुनं, काही कळत नाही. याचा फायदा एकच, भंगारवाला ते किलोवर देतो.

फुटण्याचं कारण त्याच्या घडणीत आहे. बिडात साधारण ३ ते ३.५ टक्के कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्यांच्या रूपात लोखंडात पसरलेला असतो; त्या पाकळ्यांवरून चीर सहज पळते. पत्र्याचा तवा पडला तर वाकतो, बिडाचा पडला तर दोन तुकडे. त्याची चीर घरगुती वेल्डिंगने सांधली जात नाही. नीट तापवून, निकेलच्या रॉडने करणारे लोक आहेत, पण ते मशीनच्या भागांसाठी. ज्यात खायचं त्याला तो उपद्व्याप नको. बद्द वाजलेलं भांडं मी परत ठेवते, कितीही देखणं असो.

आणखी एक भांडं मी कधीच घेत नाही: ज्यात शिसं वितळवल्याचा संशय आहे ते. जुन्या बॅटऱ्या फोडणारे, जाळ्याची वजनं ओतणारे लोक यासाठी बिडाचीच कढई वापरतात, कारण शिसं ३२७ अंशांनाच वितळतं आणि बिडाला त्याचं काही वाटत नाही. अशा कढईच्या तळाला, कानाच्या बेचक्यात राखाडी थेंब चिकटलेले दिसतात. नखाने दाबून ओढलं तर चरा उमटतो आणि खाली चकचकीत धातू दिसतो. एकदा एक सुंदर, खोलगट कढई मला अगदी मातीमोल भावात मिळत होती. कानाखाली असा एकच थेंब होता. सोडून दिली. घासून, उकळून, जाळून शिसं शंभर टक्के गेलं असं घरबसल्या कुणी सांगू शकत नाही.

आता ज्या भांड्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं त्याच्याबद्दल सांगते. सात खळग्यांचं आप्पेपात्र. मध्ये एक, भोवती सहा. एक जुनं घर पाडताना निघालेल्या सामानात ते आलं होतं. खळग्यांच्या आत लालभडक गंज, आणि बाहेरून वर्षानुवर्षांच्या तेलाचं, काजळीचं कीटण इतकं की खालच्या बाजूने खळग्यांचे सात उंचवटे वेगळे ओळखूच येत नव्हते. सगळा एकच काळा गोळा. वाजवलं तर आवाज बसका आला, म्हणून मी ठेवून देत होते. मामांनी हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "मळानं आवाज दाबलाय. कड वाजवा." कडेला कीटण कमी होतं. तिथे ते खणकन वाजलं.

असं कीटण काढायचा गावाकडचा उपाय म्हणजे आगीत टाकणं. होळीत टाका, चुलीत रात्रभर ठेवा, सकाळी पांढरं निघतं. मामांचं मतही हेच. "भट्टीतनंच आलंय ते, आगीला काय भितंय?" यावर आमचं अजून पटलेलं नाही. भट्टीत ते सगळं एकदम वितळलेलं असतं. होळीत मात्र एक बाजू लालबुंद आणि दुसरी राखेत थंड, अशी ओढाताण होते. त्यात पातळ भांडं वाकतं, जाड भांडं तडकतं. शिवाय फार तापलेल्या बिडावर एक लालसर, भुसभुशीत कातडी येते. पदार्थ चिकटू नये म्हणून बिडावर तेल तापवून जो थर बसवतात तो तिच्यावर धरत नाही, पुनःपुन्हा निघून येतो. काहींची भांडी होळीतून सुखरूप आली असतील. मी टाकत नाही.

मी कॉस्टिक सोडा वापरते. साबण करणारे वापरतात तोच. २० लिटर पाण्याला साधारण अर्धा किलो, झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या पिंपात, गच्चीवर. नेहमी पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही, कारण तो विरघळताना भयंकर तापतो आणि उसळून अंगावर येतो. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, पिंपावर मोठ्या अक्षरात 'विष'. ज्या घरात रांगतं मूल किंवा उचापती मांजर आहे तिथे हा प्रकार करूच नये. आणि आत फक्त लोखंड जाईल. ॲल्युमिनियम त्यात पडलं तर फसफसून विरघळतं आणि हायड्रोजन बाहेर पडतो. बाजारात काळा रंग दिलेली ॲल्युमिनियमची आप्पेपात्रंही मिळतात, म्हणून आधी लोहचुंबक लावून बघायचं.

कॉस्टिकचं चांगलं हे की तो तेलाला खातो आणि लोखंडाला हात लावत नाही. त्यामुळे घाई लागत नाही. भांडं आठवडाभर आत विसरलात तरी बिडाचं काही बिघडत नाही. आप्पेपात्राने मात्र अंत पाहिला. अधूनमधून काढायचं, प्लॅस्टिकच्या ब्रशने घासायचं, पुन्हा बुडवायचं. सुरुवातीला नुसतं चहासारखं पाणी सुटलं. मग एका दुपारी ब्रश लावला आणि कडेपासून नखाएवढी जाड खपली अख्खी सुटून हातात आली. आतल्या बाजूला थर मोजता येत होते, काळा, तपकिरी, पुन्हा काळा. खाली राखाडी बीड, आणि त्यावर साच्यातल्या वाळूचा रवा जसाच्या तसा. एका बाजूला आडवा, बोटभर लांब उंचवटा होता. मामांना दाखवला तर त्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "हितनं रस सोडलाय. गेट तोडून कानस मारलीय, पर मनापासनं न्हाई मारली." गेट म्हणजे साच्यात रस शिरायची वाट. माझ्याकडच्या भांड्यांत कारागिराची हीच काय ती सही.

कीटण गेलं तरी गंज राहतोच. कॉस्टिकचा गंजावर काही उपयोग नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गंजासाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान. पण इथे उलटा कायदा: हे आम्ल गंज संपला की लोखंडाला लागतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी काढून, घासून बघायचं आणि अर्ध्या तासाच्या पुढे सहसा जायचं नाही. मामी म्हणतात यापेक्षा तांदळाची पेज बरी. पेजेत भांडं बुडवून ठेवायचं, रोज पेज बदलायची. पेज आंबते, तिच्या सौम्य आंबटपणाने गंज हळूहळू सुटतो. हलक्या गंजाला ते खरंच पुरतं आणि कशाला इजा होत नाही, फक्त घरभर वास येतो. आप्पेपात्राच्या खळग्यांत गंज खोल होता, तिथे व्हिनेगरच लागलं.

मोठ्या कढईला एवढं व्हिनेगर कुठून आणायचं? तिथे विजेचा उपाय. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, चार लिटरला एक मोठा चमचा. १२ व्होल्टचा जुन्या पद्धतीचा बॅटरी चार्जर. काळा चिमटा कढईला, लाल चिमटा कुठल्याही टाकाऊ लोखंडी पट्टीला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. चार्जर सुरू केला की कढईच्या अंगावरून बारीक बुडबुडे निघू लागतात आणि गंज मऊ काळ्या गाळासारखा सुटतो. पट्टी ज्या बाजूला असेल ती बाजू आधी साफ होते, म्हणून कढई फिरवत राहायची, आणि चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. पट्टी म्हणून स्टेनलेस स्टील अजिबात वापरू नये, त्यातलं क्रोमियम घातक रूपात पाण्यात उतरतं. यातही हायड्रोजन निघतो, तेव्हा हे उघड्यावर करायचं आणि शेजारी उभं राहून कुणी बिडी ओढत नाही ना, तेही बघायचं. आमच्या गच्चीवर हा प्रश्न खरोखर येतो.

स्वच्छ, उघडं बीड रंगाने फिकट राखाडी असतं आणि बेभरवशाचं. धुऊन ओट्यावर ठेवलं, फोन घेऊन आलात की त्यावर नारिंगी झाक चढलेली. म्हणून धुतलं की लगेच पुसून मंद आचेवर. पाण्याचा शेवटचा ठिपका उडेपर्यंत तिथून हलायचं नाही.

मग तेल. अख्ख्या कामात सगळ्यात जास्त वाद याच पायरीवर. तेल तापून धुरावलं की त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लोखंडावर टणक थर बसतो. जे तेल हवेत जितकं लवकर सुकतं तितकं ते लवकर गुंफतं. हा गुण आयोडीन मूल्याने मोजतात. जवसाच्या तेलाचं हे मूल्य साधारण १८०, करडईचं १४०, सूर्यफुलाचं १३०, शेंगदाण्याचं ९०, आणि खोबरेलाचं जेमतेम १०. म्हणजे खोबरेल या कामाला जवळपास निरुपयोगी, स्वयंपाकात ते कितीही लाडकं असो. जवसाचं इंटरनेटवर फार कौतुक आहे. थर दिसतो देखणा, आरशासारखा, पण ठिसूळ असतो आणि काही महिन्यांनी टवके उडू लागतात. मी करडईवर स्थिर झाले आहे. सोलापूरकडून कुणी आलं की घाण्याचं आणायला सांगते. करडई नसेल तर घरातलं सूर्यफुलाचं चालतं, त्यात अडून राहण्यासारखं काही नाही.

तेल कोणतं यापेक्षा किती, याला महत्त्व जास्त. भांडं हाताला सोसवेल इतकं कोमट करायचं, चार थेंब घेऊन आतबाहेर, कानांना, तळाला सगळीकडे चोळायचं. मग कोरडं सुती फडकं घेऊन ते सगळं तेल पुसून काढायचं, जणू चुकून लागलंय. अंगावर ओल दिसता कामा नये. उरतं तेवढंच पुरेसं असतं. ज्यांचे तवे चिकट झाले आहेत, बोट लावलं की ठसा उठतो, त्यांनी बहुतेक वेळा इथेच हात सैल सोडलेला असतो. "थोडं जास्त लावू, लवकर काळा होईल" असं कुणालाही वाटतं, आणि जास्तीच्या तेलाची डिंकासारखी गाठ होऊन बसते.

आप्पेपात्र माझ्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, मावलं. २५० अंशांच्या पुढे तो जात नाही, त्याची गरजही नाही. पालथं घालून तासभर, मग आतच निववायचं. पहिल्या खेपेला ते तांबूस-सोनेरी निघालं आणि घरात "हे काय पितळेचं केलंस का" म्हणून झालं. तसंच होतं. तांबूस, मग तपकिरी, मग गडद. खरा काळा रंग वापरण्याने येतो, भट्टीत नाही. तवे मात्र ओटीजीत मावत नाहीत. ते गॅसवर करावे लागतात, आणि गॅसची ज्योत मधोमध. इथे एक गैरसमज सांगायला हवा. बीड उष्णता सगळीकडे सारखी पसरवतं असं सगळे म्हणतात. ते उष्णता धरून ठेवतं, कारण जड असतं. पसरवण्यात ॲल्युमिनियम त्याच्या कितीतरी पुढे आहे. म्हणून तवा बर्नरवर सरकवत, चारी बाजूंच्या कडा ज्योतीवर आणत फिरवायचा, वर जुनी मोठी कढई पालथी घालायची आणि आच मध्यमच ठेवायची. खिडक्या उघड्या. धूर थांबला की एक फेरी झाली.

अशा काही फेऱ्यांनंतर घाई करून आप्पे घालू नयेत. नव्या थरात पहिल्यांदा भरपूर तेलाचं काहीतरी करावं. कढई असेल तर भजी, पुऱ्या. आप्पेपात्रात मी आधी कांदा चिरून, खळग्या-खळग्यांतून परतला. मग तिखट आप्पे. पहिला घाणा मधल्या खळग्यात थोडा धरला, बाकीचे सहा उलथण्याच्या टोकाने सुटले आणि गरकन फिरले. गुळाचे आप्पे बरेच नंतर, कारण गूळ जळतो आणि कच्च्या थराला घट्ट चिकटतो. आमटी, टोमॅटो, चिंच-कोकम यांना तर बिडात फार वेळ ठेवूच नये. आंबट पदार्थ थर खातो, पदार्थ काळा पडतो, चव धातूची लागते. पोटात थोडं लोखंड जातं ते चांगलंच, पण त्यासाठी तांबडा रस्सा बिडात उकळायची गरज नाही.

रोजच्या निगेत मला सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर भांडी घासणाऱ्या मावशींना समजावणं. त्यांच्या लेखी काळं भांडं म्हणजे न घासलेलं भांडं. तारेची घासणी घेऊन त्यांनी एक तवा मनापासून पांढरा करून दिला आणि वर कौतुकाची अपेक्षा केली. आता बिडाची भांडी त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. गरम असतानाच कोमट पाणी, नारळाची शेंडी किंवा काथ्या, लागलाच तर थेंबभर साबण. साबणाने थर जातो ही समजूत जुन्या, झोंबऱ्या साबणांची आहे. आजच्या भांड्यांच्या साबणाने नीट बसलेला थर जात नाही. रात्रभर पाण्यात भिजत ठेवलं तर मात्र सकाळी गंज ठरलेला. कोल्हापूरच्या पावसात कपाटातसुद्धा ओल शिरते, म्हणून जून ते सप्टेंबर दोन भांड्यांच्या मध्ये वर्तमानपत्र, झाकण उघडं. आणि जे महिनोन् महिने वापरणार नाही त्याला तेल लावून ठेवायचं नाही. ते खवट होतं आणि पुढचा पदार्थ त्या वासाने वाया जातो. पूर्ण कोरडं करून, थर चांगला असेल तर तसंच ठेवायचं.

लोक विचारतात, ग्राइंडर मारून गुळगुळीत का करत नाहीस? जुनी भांडी बहुतेक आधीच गुळगुळीत असतात. कुणाच्या तरी उलथण्याने वर्षानुवर्षं ते काम केलेलं असतं. नवं खरखरीत बीड घेतलं असेल तर बारीक पॉलिश पेपर फिरवायला हरकत नाही, पण मशीन लावून आरसा केला तर तेलाला धरायला जागाच राहत नाही.

सध्या माझ्याकडे मालवणहून आत्याने पाठवलेलं मोठं भिडं आहे. वाजतं उत्तम, चीर नाही, कीटण काढून थरही छान बसला. पण कुणीतरी कधीतरी ते रिकामंच भडक आचेवर तापवलं असावं, मध्यभागी किंचित फुगलंय. सपाट ओट्यावर ठेवलं की डुगडुगतं, इंडक्शनवर तर चालणारच नाही. वाकलेलं बीड सरळ करता येत नाही, ठोकलं तर फुटतं. मामांनी बघितलं आणि नुसतीच मान हलवली. घावन घातला की पीठ मधून कडेला पळतं आणि मधोमध भोक पडतं. आत्याला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "अगो, म्हणून तर तुका दिलंय." आता त्याच्यावर शेंगदाणे भाजते, सुकं खोबरं भाजते. जड असल्यामुळे आच बंद केली तरी दाणे खमंग होत राहतात आणि जळत नाहीत.